फुंकणीवरचा आकडा

४ डिसेंबर
सदाशिव पेठ

नम्रता मॅडम,

नमस्कार. नुसता नमस्कार. 'सप्रेम' लिहिणार होते, पण पहिल्याच ओळीत खोटं कशाला.

मी द्वारका. तुमच्या दम्याच्या ॲपवर दत्तप्रसाद नावाचे एक पेशंट आहेत, वय बासष्ट, मंडईमागे काष्ठौषधींचं दुकान, त्यांची बायको. तुमच्या ॲपमध्ये मी कुठे आहे का ते शोधून पाहिलं. 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' या रकान्यात माझं नाव आणि नंबर सापडला. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला तेवढी एक ओळ आली. बाकीचं ॲप तुमचं.

तुमचा पत्ता त्याच ॲपच्या शेवटच्या पानावर मिळाला. खराडी, नववा मजला. फोनही करता आला असता, पण फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की भांडायला आलेला माणूस आभार मानून फोन ठेवेल. हे मी ऐकून सांगते आहे, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. "काका, आज थोडे यलोमध्ये दिसताय. काय झालं?" असं तुम्ही विचारता. आणि आमचे काका, ज्यांच्याकडून भाजीत मीठ कमी आहे की जास्त हे काढून घ्यायला मला तीनदा विचारावं लागतं, ते लगेच सांगतात, "काही नाही हो, काल दुकानात वावडिंगाचं पोतं उघडलं. तेव्हापासून छाती जराशी जड आहे."

छाती जड. हे दोन शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकलेले नाहीत. मी विचारलं की उत्तर एकच, "बरं आहे." ताप एकशे दोन असला तरी बरं आहे.

तुमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच, पण या घरातून ती कशी दिसते ते सांगते. सकाळी चहाच्या आधी हे खिडकीशी उभे राहतात आणि ते प्लॅस्टिकचं नळकांडं तोंडाला लावून तीनदा फुंकतात. मी त्याला फुंकणी म्हणते. त्यांना ते आवडत नाही, म्हणून जास्तच म्हणते. तिच्यावरचा काटा सगळ्यांत वर जिथे जाईल, तो आकडा मोबाइलमध्ये भरायचा. तीनशे वीस किंवा त्याच्या वर असला की हिरवं, त्याच्या खाली पिवळं, दोनशेच्या खाली लाल. हिरव्याला ॲपची शाबासकी मिळते. पिवळ्याला तुमचा फोन येतो, अकराच्या सुमारास. म्हणजे माणूस जितका आजारी तितका लाडका.

आणि पिवळं आलं की हे फोन यायच्या आत दाढी करून बसतात. फोनवर बोलायला दाढी कशाला लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

असो. गेल्या आठवड्यात यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जुना चष्मा आता चालत नाही, नवा मिळायला महिना आहे आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून तसाच आहे. लांबची पाटी वाचतात, हातातलं काही दिसत नाही. तेव्हा आता फुंकतात हे, आकडा वाचते मी आणि भरतेही मीच. मोबाइल दिवसभर माझ्याकडे असतो.

एवढं कळवायला लिहिलं. पत्र पेटीत टाकेन की नाही ते ठरलेलं नाही.

द्वारका


१२ डिसेंबर

नम्रता मॅडम,

मागचं पत्र टाकलं नाही. फ्रिजवर पडून आहे. पण आता आणखी सांगायचं आहे आणि ते शेजारणीला सांगण्यासारखं नाही.

आकडा भरायच्या रकान्याखाली 'काही नोंद' म्हणून जागा आहे, तिथे हे लिहीत होते हे मला माहीत नव्हतं. चार महिन्यांच्या नोंदी आहेत. वाचायला नको होत्या. मी सगळ्या वाचल्या, आणि तारखेप्रमाणे पुन्हा वाचल्या.

'दोन नोव्हेंबर. पहाटे धाप लागून जाग आली. बाहेरच्या खोलीत बसलो. हिला उठवलं नाही.'

'नऊ नोव्हेंबर. गिऱ्हाईक समोर असताना श्वास अडकला. मागे पोत्यांआड जाऊन पंप घेतला. जो माणूस दम्यासाठी अडुळसा आणि ज्येष्ठमध पुड्या बांधून देतो, त्याने पंप ओढताना दिसू नये.'

'सतरा नोव्हेंबर. डोळ्याच्या ऑपरेशनची भीती वाटते. डोळ्याची नाही. सपाट आडवं झोपवलं आणि श्वास कोंडला तर काय, याची.'

या शेवटच्या नोंदीला तुम्ही सहा मिनिटांत उत्तर दिलंत, की काका, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, ते डोकं उंच ठेवून ऑपरेशन करतात. यांनी सांगितलं असणार, कारण त्यांनी खरंच उशी उंच दिली होती. मी बाहेर बाकावर यांच्या चपला सांभाळत बसले होते. ऑपरेशनला जाताना विचारलं, "अहो, भीती वाटते का?" तर म्हणाले, "छे. बरं आहे." आणि मी ते खरं मानलं.

माझा जळफळाट होतो आहे, मॅडम. हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, पण दुसरा सापडत नाही. यांचं कुणा बाईशी काही असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, लोकांनी माझी बाजू तरी घेतली असती. इथे काय सांगू? नवरा एका मुलीला स्वतःचा श्वास सांगतो आणि मला सांगत नाही?

आणि मी यांच्या दम्यासाठी काय केलं नाही? लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं, तेव्हा माहेरून आणलेली माझी मांजर भावाकडे पाठवली. आईने विणलेला गालिचा देऊन टाकला. घरात उदबत्ती बंद, गणपतीतसुद्धा. मिरचीची फोडणी दार लावून. मोगऱ्याची कुंडी गेली, नंतर बाकीच्याही गेल्या. हे सगळं मी यांना वेळोवेळी सांगतेच, म्हणजे विसर पडायला नको. तुम्ही काय सोडलंत?

तुमचा फोन मात्र दहा-बारा दिवसांत आलेला नाही. यांनी दोनदा विचारलं, "आज फोन नाही आला का गं?" मी म्हटलं, "सगळं हिरवं आहे, मग कशाला येईल?" म्हणाले, "हो, तेही खरंच." दाढी आता एक दिवसाआड करतात.

आजचा आकडा तीनशे चाळीस. मी भरलेला.

द्वारका


३० डिसेंबर

नम्रता मॅडम,

'मी भरलेला' असं मागे लिहिलं आणि पुढे गेले. आज ते सरळ लिहिते. ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस मी खरे आकडे भरले. दोन्ही पिवळे, दोन्ही दिवशी तुमचा फोन. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं बावीस मिनिटं बोलत होतात आणि हे एकदा हसलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी फुंकून झाल्यावर यांनी विचारलं, "किती?" काटा दोनशे ऐंशीवर होता. मी म्हटलं, "तीनशे तीस." यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यात कुणाचं काय वाईट झालं? अकरा वाजून गेले, फोन आला नाही. मी पोहे केले, आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खाल्ले. पाप केल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मग रोजच.

काल छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मोबाइलवरचा आलेख बघितला. म्हणाले, "एक्सलंट. महिनाभर एकही यलो नाही." मग पाठीला नळी लावून ऐकलं. म्हणाले, "थोडी घरघर आहे, पण थंडीचे दिवस आहेत. कसं वाटतंय?" यांनी सांगितलं, "बरं आहे." डॉक्टर म्हणाले, "मग रोजचा पंप आपण निम्म्यावर आणू. आलेख इतका चांगला असताना जास्त औषध कशाला?"

मी तोंड उघडलं होतं, मॅडम. देवाशप्पथ उघडलं होतं. 'डॉक्टर, थांबा,' एवढे शब्द ओठांवर होते. तेवढ्यात डॉक्टर हसून यांना म्हणाले, "याचं श्रेय आमच्या नम्रताला. तिने तुम्हाला चांगलं वळण लावलं." तुमचं नाव ऐकलं आणि मी तोंड मिटलं. एकतीस वर्षं मांजर, गालिचा आणि कुंड्या बाहेर काढल्या मी, आणि वळण लावलंत तुम्ही.

त्या सकाळी फुंकणीवर दोनशे साठ होतं.

घरी येताना रिक्षात मी नवी चिठ्ठी वाचत बसले. निम्मा पंप म्हणजे काय ते मला कळतं. ठरवलं की उद्यापासून खरं भरायचं. पण आज सकाळी मोबाइल हातात घेतला आणि हात थांबला. काल तीनशे चाळीस आणि आज दोनशे पंचावन्न लिहिलं तर तुम्ही लगेच फोन करून विचाराल, एका दिवसात असं काय झालं. म्हणून एक युक्ती काढली आहे. रोज पाच-पाचने खाली आणायचं. आज तीनशे पस्तीस भरलं. पंधरवड्यात खऱ्याला जाऊन मिळेल, पंप पुन्हा वाढेल आणि कुणाला काही कळणार नाही.

तोवर यांना मी दुकानात कमी जाऊ देईन.

द्वारका


५ जानेवारी

नम्रता,

तुम्ही हॉस्पिटलात येऊन गेलात, त्यामुळे निम्मं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं निम्मं सांगते.

परवा सकाळी मी तीनशे पंधरा भरलं होतं. पिवळं. त्याआधीचे दोन दिवस तीनशे पंचवीस आणि तीनशे वीस, म्हणजे माझी शिडी नुकती तुमच्या रंगात उतरली होती. काटा खरा कुठे होता ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. दोनशे दहा. दुकानात जाऊ नका म्हटलं. हे म्हणाले, "का? तूच म्हणतेस ना तीनशे पंधरा आहे?" गेले.

साडेदहाला दुकानातल्या कोंडीरामचा फोन आला. तो वीस वर्षं दुकानात आहे, कधी घाबरत नाही. म्हणाला, "बाई, लवकर या. शेटना बोलता येईना. नुसते हातानं दाखवत्यात, काय पाहिजे तेच कळंना." त्याला काय कळणार? धाप लागली की घ्यायचा निळा पंप यांनी त्याच्यापासूनही लपवलेला होता. मी फोनवरच ओरडले, मागच्या फडताळात हिरड्याच्या डब्यामागे बघ. ती जागा मला नोंदी वाचून ठाऊक होती. तुम्हाला लिहिलेल्या नोंदी, मॅडम. त्या चोरून वाचल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मी मनात येऊ देत नाही.

मी रिक्षाने पोहोचले तेव्हा हे गादीवर पुढे झुकून बसले होते आणि खांदे वरखाली होत होते. ओठांचा रंग गेला होता. माझ्याकडे बघून यांनी मान हलवली. बरं आहे म्हणण्याइतका श्वास नव्हता, म्हणून मान हलवली.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, वाफारे दिले, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं. मी मनात तुमचं भलतंच चित्र केलं होतं. तुम्ही म्हणजे खांद्याला जड बॅग लावलेली, बसमधून उभी आलेली, पंचविशीची दमलेली पोरगी. तुम्ही यांच्या पायाशी उभं राहून म्हणालात, "काका, काल सकाळी यलो आला म्हणून मी अकराला फोन केला, तर कुणी उचलला नाही. पण त्याआधी महिनाभर ग्रीन होतं. एवढं कसं घसरलं? आकडे खरे होते ना?"

मी भिंतीशी टेकून उभी होते. हे डोळे मिटून पडले होते. मास्क बाजूला करून म्हणाले, "मीच हिला वाढवून लिहायला सांगितलं. रोज रोज फोन नको वाटायचे."

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "काका, तसं सांगितलं असतंत तर मी नसते केले फोन." मग नियम सांगितलात, की जे पेशंट खोटे आकडे भरतात त्यांना काढून जागा दुसऱ्याला देतात, तुमच्या ऑफिसातले मोठे डॉक्टर सोमवारी, बारा तारखेला, ठरवतील. आणि तुम्ही गेलात. जिन्यात तुम्ही डोळे पुसलेत, ते मी वरून बघितलं.

आता खरं सांगते, कारण एवढं लिहून झाल्यावर सोज्वळपणा आणायला लाज वाटते. मला आनंद झाला. गप्प बसलं की तुम्ही आमच्या घरातून कायमच्या जाणार, तेही यांनीच स्वतःच्या तोंडाने तुम्हाला नको म्हटल्यामुळे. मला जे हवं होतं ते सगळं न मागता मिळालं. कालची पूर्ण संध्याकाळ मी यांच्या उशाशी बसून मोसंबी सोलली आणि मनातून खूश होते.

द्वारका


१० जानेवारी

नम्रता,

आम्ही मंगळवारी घरी आलो. निघायच्या आधी सिस्टरने यांना फुंकायला लावलं. यांनी फुंकलं आणि सवयीने नळकांडं माझ्याकडे वळवलं. "किती?"

"दोनशे तीस," मी म्हटलं.

यांनी विचारलं, "खरं?"

एवढंच. सिस्टर तिथेच लिहीत होती, तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला भर हॉस्पिटलात कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "खरं."

घरी आल्यावर यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून कळलं होतं?" म्हणाले, "फुंकणाऱ्याला कळतं गं, किती गेलं ते. पहिल्या आठवड्यात वाटलं, डोळ्याबरोबर छातीही सुधारली असेल. नंतर वाटलं, तुझी वाचण्यात चूक होत असेल. ती हॉस्पिटलात विचारायला लागली आणि तुझ्याकडे न बघताच कळलं."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"तू माझ्या डोळ्यांसमोर त्या पोरीची माफी मागितलेली मला बघवली नसती."

मी रडले. रडून झाल्यावर भांडलेही, कारण मूळ दुखणं तसंच होतं. म्हटलं, "तिला सगळं सांगता, मला का नाही सांगत?" मला वाटलं, आता बरं आहे म्हणतील. पण म्हणाले, "द्वारका, तुला श्वासाचं काही सांगितलं की तू घरातली एक वस्तू बाहेर काढतेस आणि मग ती वस्तू मला जन्मभर ऐकवतेस. मांजर मी दे म्हटलं नव्हतं. मोगरा मला चालत होता. आता काढण्यासारखं एकच उरलं होतं, माझं दुकान. तेवढं मला ठेवायचं होतं. ती मुलगी ऐकून घेते, दोन पंप घ्या म्हणते आणि फोन ठेवते."

यांनी सांगितलं असतं तर मी दुकान बंद करायलाच लावलं असतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

तेव्हा मोठ्या डॉक्टरांना हे वाचून दाखवा. आकडे मी खोटे भरले. यांनी मला तसं कधीच सांगितलं नव्हतं. फोन नको होते ते मला. यांना ते हवे होते, इतके हवे होते की तुमचा फोन यायचा म्हणून हा माणूस अकराच्या आत दाढी करून बसायचा. तुम्ही रडलात त्याचं कारण खोटं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. लिहिताना मला आनंद होतो आहे असं समजू नका. तुमचा हेवा मला आजही वाटतो. तुम्ही चांगल्या आहात हे कळल्यावर तो जास्तच वाटायला लागला.

काढायचं असेल तर 'तातडीच्या वेळी' या रकान्यातून माझं नाव काढा. यांना काढू नका. छातीच्या डॉक्टरांना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी रोजचा पंप पूर्ववत केला आणि माझ्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली.

ही पाचही पत्रं एका पाकिटात घालून सोमवारी सकाळी मी स्वतः बसने खराडीला येते आहे. तुमच्या टेबलावर ठेवेन आणि परत जाईन. मला बसवून चहा देऊ नका. तुम्ही गोड बोललात तर मला ते सोसायचं नाही.

एक काम आहे. यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं आहे. त्यानंतर पुन्हा काही दिवस हातातलं दिसणार नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, घरी औषधं, आकडे कोण बघणार? मी पुढे झाले नाही. हेच म्हणाले, "ही बघेल. हीच वाचते." मुलीने लिहून घेतलं.

मी खरं वाचेन, असं आज मला अगदी मनापासून वाटतं आहे. पण तुम्ही माझ्यावर विसंबू नका, नम्रता. हिरवं आलं तरी फोन करा.

द्वारका